मतदानाची नोंद आणि सैनिकाचे कवच : अमेरिकी सिनेटमधील दोन मतांचा इतिहास (२००३-२००६)

प्रस्तावना

लोकप्रतिनिधीने सभागृहात दिलेले मत हे राजकीय इतिहासाचे अस्सल साधन मानले जाते. भाषणाला नंतर मुलामा देता येतो, आठवणी सोयीने लिहिता येतात, मुलाखतीतील वाक्य विपर्यस्त छापले गेले असा खुलासा करता येतो. मताची नोंद मात्र तारखेसह, क्रमांकासह आणि नावानिशी कायम राहते. म्हणूनच निवडणुकीच्या काळात प्रतिपक्ष प्रथम या नोंदींकडे वळतो. परंतु कागद अस्सल असला तरी त्याचे वाचन अस्सल असेलच असे नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास वेगळी सांगावयास नको.

इराक युद्धाच्या आरंभीच्या काळात अमेरिकेतील दोन सिनेट सदस्यांवर एकच आरोप झाला. सैनिकांना बुलेटप्रूफ जॅकेट देण्याच्या विरोधात त्यांनी मत दिले, असा तो आरोप होता. पहिले मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट जॉन केरी. त्यांच्यावरील आरोप २००४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने केला. दुसरे व्हर्जिनियाचे रिपब्लिकन जॉर्ज ॲलन. त्यांच्यावरील आरोप २००६ मध्ये युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या, परंतु डेमोक्रॅटिक पक्षास अनुकूल अशा संघटनेने केला. आरोप करणारे बदलले, आरोपी बदलले. वाक्य तेच राहिले. या दोन मतांच्या नोंदी प्रत्यक्षात काय सांगतात, आणि त्या काळात सैनिकांच्या अंगावर कवच का नव्हते, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते वेगळे न केल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, ते चर्चेबाहेर राहिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नोंद म्हणजे काय?

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील पाचव्या कलमानुसार उपस्थित सदस्यांपैकी एकपंचमांश सदस्यांनी मागणी केल्यास प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदवावे लागते. यास नामनिहाय मतदान म्हणता येईल. सिनेटचा लिपिक एकेक नाव पुकारतो आणि सदस्य होकार वा नकार देतो. भारतीय वाचकास हा प्रकार काहीसा अपरिचित वाटेल. आपल्या लोकसभेत खात्यांच्या मागण्या बहुधा आवाजी मतदानाने मंजूर होतात, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. त्यामुळे संरक्षणखर्चाच्या एखाद्या बाबीवर आपल्या खासदाराचे व्यक्तिगत मत काय होते, हे शोधू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. अमेरिकेत नेमकी उलट स्थिती आहे. तेथे नोंदी इतक्या आहेत की त्यांतून हवी ती निवडून काढता येते.

एक शब्दही येथेच स्पष्ट करावयास हवा. आपल्याकडे एखादा अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर ठेवला’ म्हणजे तो विचारार्थ सादर झाला असा अर्थ होतो. अमेरिकी सिनेटमध्ये दुरुस्ती ‘पटलावर ठेवण्याचा’ ठराव संमत झाला की ती दुरुस्ती निकालात निघते. तिच्या गुणदोषांवर थेट मतदान होतच नाही. अनेक दुरुस्त्या अशाच रीतीने बाजूला सारल्या जातात. ठरावास होकार म्हणजे दुरुस्तीस नकार, असा हा उलटा हिशेब असल्याने नोंद वाचताना चूक होण्यास, आणि हेतुपूर्वक चूक करण्यासही, भरपूर वाव राहतो.

कवचाचे स्वरूप

ज्या वस्तूवरून वाद झाला ती ‘इंटरसेप्टर’ या नावाने ओळखली जाते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकी सैन्यात येऊ लागली. त्यापूर्वीचे जॅकेट बॉम्बगोळ्यांच्या ठिकऱ्यांपासून बचाव करण्यासाठी होते. रायफलची गोळी त्यातून आरपार जात असे. इंटरसेप्टरचे दोन भाग होते. पहिला भाग केवलार तंतूंच्या विणीचे बाह्य जॅकेट. ते ठिकऱ्या आणि पिस्तुलाची ९ मिलिमीटरची गोळी थोपवी. दुसरा भाग म्हणजे छातीवर आणि पाठीवर खोबणीत बसविण्याच्या सिरॅमिकच्या दोन प्लेट्स. ७.६२ मिलिमीटरची रायफलची गोळी थोपविण्याचे काम या प्लेट्सचे. सर्व मिळून वजन १६ पौंडांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे साडेसात किलो.

ही माहिती केवळ तांत्रिक नाही. प्लेट्सविना असलेले जॅकेट घातलेला सैनिक कागदोपत्री ‘कवचधारी’ ठरे, परंतु एके-४७ च्या गोळीपुढे तो जवळजवळ उघडाच असे. २००३ मध्ये तुटवडा सर्वांत तीव्र होता तो या प्लेट्सचा. राजकीय भाषणांत मात्र जॅकेट आणि प्लेट यांतील हा भेद क्वचितच केला गेला.

केरी यांचे मत : ८७ अब्ज डॉलरचे विधेयक

७ सप्टेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी इराक व अफगाणिस्तानसाठी ८७ अब्ज डॉलरच्या पुरवणी खर्चाची मागणी केली. त्यांपैकी सुमारे ६६ अब्ज लष्करी कारवाईसाठी आणि २० अब्जांहून थोडे अधिक इराकच्या पुनर्बांधणीसाठी होते. बॉडी आर्मरसाठीची रक्कम सुमारे ३० कोटी डॉलर, म्हणजे एकूण विधेयकाच्या एक टक्क्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी होती. सिनेटमधील वाद या रकमेवर नव्हता. वाद होता तो पैसा आणायचा कोठून आणि पुनर्बांधणीचा भार कोणी उचलायचा, यावर.

२ ऑक्टोबर रोजी जोसेफ बायडन यांनी केरी यांच्या पाठिंब्याने एक दुरुस्ती मांडली. सर्वाधिक उत्पन्न असलेल्या वर्गाला दिलेल्या करसवलतीचा काही भाग मागे घेऊन हा खर्च भागवावा, असा तिचा आशय होता. ती ५७ विरुद्ध ४२ मतांनी पटलावर ठेवण्यात आली, म्हणजेच फेटाळली गेली. १७ ऑक्टोबर रोजी मूळ विधेयक सिनेटने ८७ विरुद्ध १२ मतांनी संमत केले. विरोधी बारांत अकरा डेमोक्रॅट आणि एक अपक्ष होते, आणि त्या अकरांत केरी व जॉन एडवर्ड्स हे दोघे होते. दोघेही त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत होते.

मार्च २००४ मध्ये बुश यांच्या प्रचारयंत्रणेने दूरचित्रवाणीवर एक जाहिरात दाखविली. तिच्यात लिपिक केरी यांचे नाव पुकारतो आणि उत्तर येते ‘नाही’. लढणाऱ्या सैनिकांना बॉडी आर्मर? नाही. युद्धभत्त्यात वाढ? नाही. राखीव सैनिकांना चांगली वैद्यकीय सेवा? नाही. प्रत्यक्षात केरी यांनी ‘नाही’ हा शब्द एकदाच, संपूर्ण विधेयकावर उच्चारला होता. एका मताचे तीन तुकडे करून तीन स्वतंत्र मतांचा आभास त्या जाहिरातीने निर्माण केला. १६ मार्च रोजी वेस्ट व्हर्जिनियातील हंटिंग्टन येथे मार्शल विद्यापीठात या आरोपास उत्तर देताना केरी म्हणाले की, ८७ अब्जांच्या विरोधात मत देण्यापूर्वी आपण त्यांच्या बाजूने मत दिलेच होते. संसदीय कार्यपद्धतीच्या दृष्टीने या वाक्यात फारसे खोटे काही नव्हते. बायडन दुरुस्तीला त्यांचा पाठिंबा होता. परंतु हे वाक्य त्यांच्या साऱ्या प्रचारास चिकटून बसले. प्रतिपक्षाने ते नव्या जाहिरातीत घातले आणि केरी म्हणजे धरसोड करणारा गृहस्थ, अशी प्रतिमा पक्की झाली.

जाहिरातीने ज्या गोष्टी वगळल्या त्यांचाही विचार केला पाहिजे. १६ ऑक्टोबर रोजी सिनेटने पुनर्बांधणीच्या रकमेपैकी निम्मा भाग अनुदानाऐवजी कर्जरूपाने देण्याची दुरुस्ती ५१ विरुद्ध ४७ मतांनी स्वीकारली होती. ही तरतूद अंतिम विधेयकात राहिल्यास राष्ट्राध्यक्षांना नकाराधिकार वापरण्याचा सल्ला देऊ, असा इशारा व्हाइट हाउसने दिला. त्या विधेयकातही बॉडी आर्मरची रक्कम होतीच. केरी यांना लावलेला न्याय येथे लावावयाचा तर स्वतः राष्ट्राध्यक्षही सैनिकांच्या कवचाच्या विरोधात होते असे म्हणावे लागेल, आणि ते अर्थातच हास्यास्पद ठरेल. पुढे दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत कर्जाची तरतूद काढून टाकली गेली. प्रतिनिधिगृहाने अंतिम मसुदा २९८ विरुद्ध १२१ मतांनी संमत केला. सिनेटमध्ये ३ नोव्हेंबर २००३ रोजी मोजकेच सदस्य हजर असताना तो आवाजी मतदानाने संमत झाला. म्हणजे ज्या कायद्यान्वये कवचांचा पैसा प्रत्यक्षात मिळाला, त्याच्या अंतिम रूपावर कोणत्या सिनेट सदस्याने कोणते मत दिले याची नामनिहाय नोंदच नाही! युद्ध लोकप्रिय राहिलेले नव्हते आणि वीस अब्ज डॉलर परदेशी देण्यावर आपले नाव नोंदले जावे अशी अनेकांची इच्छा नव्हती, असा तर्क करण्यास जागा आहे.

तथापि केरी यांना सर्वस्वी निर्दोष ठरविणेही बरोबर नाही. विधेयक मोठ्या बहुमताने संमत होणार हे १७ ऑक्टोबरला स्पष्टच होते. त्यांचे नकारार्थी मत हा निषेध होता, आणि तो कोणाचेही नुकसान होणार नाही अशा खात्रीने केलेला निषेध होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत, आपली दुरुस्ती फेटाळली गेल्यास विधेयकास विरोध करणार काय, या आशयाच्या प्रश्नावर, कोणताही सिनेट सदस्य सैनिकांना वाऱ्यावर सोडणार नाही, तसे करणे बेजबाबदारपणाचे होईल, असे त्यांनी सुनावले होते. उमेदवारीच्या शर्यतीत युद्धविरोधी हॉवर्ड डीन त्या सुमारास आघाडीवर होते. या पार्श्वभूमीवर त्यांचे मत केवळ अर्थशास्त्रीय तत्त्वातून आले असे मानणे भाबडेपणाचे होईल. केरी यांच्यावर टीका करता येते, पण ती या मुद्द्यावर. कवच नाकारल्याचा मुद्दा त्यात बसत नाही.

ॲलन यांचे मत : २ एप्रिल २००३

दुसरे प्रकरण कालक्रमाने आधीचे आहे, परंतु चर्चेत आले तीन वर्षांनंतर. २ एप्रिल २००३ रोजी, म्हणजे इराकवरील हल्ल्यास दोन आठवडे झाले असताना, सुमारे ८० अब्ज डॉलरचे पहिले पुरवणी विधेयक सिनेटपुढे होते. लुइझियानाच्या डेमोक्रॅट मेरी लँड्र्यू यांनी नॅशनल गार्ड व राखीव दलांच्या साधनसामग्रीसाठी १०४ कोटी ७० लाख डॉलर वाढवून देण्याची दुरुस्ती मांडली. ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी पटलावर ठेवण्यात आली. मतविभागणी जवळपास पूर्णपणे पक्षानुसार झाली. ॲलन बहुमताबरोबर होते.

सप्टेंबर २००६ मध्ये ‘व्होटव्हेट्स’ या संघटनेने प्रसारित केलेल्या जाहिरातीत इराकहून परतलेला एक सैनिक दोन पुतळ्यांवर एके-४७ ने गोळ्या झाडतो. एका पुतळ्यावर जुने जॅकेट, दुसऱ्यावर नवे कवच. जुन्याच्या चिंध्या होतात, नव्याच्या प्लेट्स गोळ्या अडवितात. आणि मग सांगितले जाते की, ॲलन यांनी सैनिकांना हे देण्याच्या विरोधात मत दिले. दृश्य विलक्षण परिणामकारक होते. पुतळा, बंदूक आणि छिद्रे यांच्यापुढे कार्यपद्धतीचे नियम कोण ऐकून घेणार?

परंतु दुरुस्तीच्या मजकुरात बॉडी आर्मरचा उल्लेख नव्हता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲनेनबर्ग केंद्राच्या ‘फॅक्टचेक’ या उपक्रमाने नोंदी तपासून जाहिरातीतील विधान असत्य ठरविले. याच उपक्रमाने २००४ मधील बुश यांच्या जाहिरातीवरही आक्षेप घेतला होता, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. संघटनेच्या बाजूने असा प्रतिवाद करण्यात आला की, या निधीतून भागविण्याच्या कमतरतांत हेल्मेट, तंबू, जॅकेट आणि त्यांत घालावयाच्या प्लेट्स यांचा समावेश होता, असे लँड्र्यू यांनी नंतर म्हटले होते. हा प्रतिवाद अगदीच पोकळ नाही. मात्र ते स्पष्टीकरण मतदानानंतर काही महिन्यांनी आले. मतदार सदस्यापुढे जो मजकूर होता त्यावरूनच त्याच्या मताचा अर्थ लावावयास हवा. इतिहासलेखनात उत्तरकालीन साधनास समकालीन साधनाचा मान देता येत नाही, हा साधा नियम येथेही लागू होतो.

तरीसुद्धा २ एप्रिलच्या मताला काही अर्थ आहे, आणि तो जाहिरातीने सांगितलेल्या अर्थाहून अधिक महत्त्वाचा आहे असे वाटते. नॅशनल गार्ड ही मुळात राज्यांची दले. पूर, वादळ, दंगल अशा प्रसंगी धावून जाणारी आणि युद्धसमयी केंद्राच्या हाताखाली जाणारी. त्यांतील माणसे एरवी शिक्षक, ट्रकचालक, दुकानदार असतात. साधनसामग्रीच्या वाटपात नियमित सैन्याच्या मागे त्यांचा क्रमांक लागे. या दलांना दीर्घ काळ परदेशी लढावे लागेल असे गृहीत धरले असते तर लँड्र्यू यांची मागणी फेटाळणे बहुमतास जड गेले असते. ८ डिसेंबर २००४ रोजी कुवेतमधील तळावर टेनेसी नॅशनल गार्डच्या एका सैनिकाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना भर सभेत विचारले की, वाहनांना लावण्यासाठी भंगारातून लोखंडाचे पत्रे आम्हांला का हुडकावे लागतात? जे सैन्य हाताशी आहे तेच घेऊन युद्धास जावे लागते, या आशयाचे रम्सफेल्ड यांचे उत्तर सर्वत्र गाजले. त्या सैनिकाचा प्रश्न वाहनांविषयी होता, जॅकेटांविषयी नव्हता. पण तो गार्डचा सैनिक होता ही गोष्ट योगायोगाची नाही. ॲलन यांना विचारावयाचा प्रश्न हा होता. तो २००६ च्या प्रचारात विचारला गेला नाही. त्या निवडणुकीत ॲलन जिम वेब यांच्याकडून दहा हजारांहून कमी मतांनी पराभूत झाले. भारतीय वंशाच्या एका तरुणास उद्देशून त्यांनी काढलेले अपमानास्पद उद्गार त्या पराभवास अधिक कारणीभूत ठरले असे सामान्यतः मानले जाते.

तुटवड्याची कारणे

तर मग प्लेट्स का नव्हत्या? सप्टेंबर २००३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सेनापती जॉन अबिझैद यांनी कबूल केले की, संरक्षक जॅकेटांचा तुटवडा असताना युद्ध का सुरू केले याचे उत्तर आपल्यापाशी नाही. एवढी स्पष्ट कबुली उच्चपदस्थाकडून क्वचितच मिळते. एप्रिल २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या विषयावर सविस्तर अहवाल दिला. सर्व सैनिकांना पुरेल एवढे कवच जानेवारी २००४ पर्यंत उपलब्ध होऊ शकले नाही, असे त्यात दिसून येते.

अहवालातून निघणारे कारण मतदानाशी फारसे संबंधित नाही. आरंभी हे कवच प्रत्यक्ष आघाडीवरील तुकड्यांपुरतेच आवश्यक मानले गेले होते. बगदाद पडल्यानंतर आघाडी आणि पिछाडी हा भेदच उरला नाही. रसद वाहणारा चालक, स्वयंपाकी, कारकून सारेच गोळीच्या टप्प्यात आले. तेव्हा युद्धभूमीवरील प्रत्येकास कवच देण्याचे ठरले आणि मागणी एकाएकी अनेक पटींनी वाढली. प्लेट्स आणि जॅकेट यांना लागणारे विशिष्ट तंतू व कापड बनविणारे कारखाने मोजके. त्यांची क्षमता रातोरात वाढणे शक्य नव्हते. साठा आधीच करून ठेवावयास हवा होता, आणि तो केला नव्हता, कारण युद्ध अल्पकाळात आटोपेल असा नियोजनकर्त्यांचा होरा होता. १७ ऑक्टोबर २००३ रोजी केरी यांनी होकार दिला असता तरी त्या हिवाळ्यात एकही प्लेट अधिक तयार झाली नसती. २ एप्रिलच्या दुरुस्तीचा पैसा मिळाला असता तर काही मागण्या लवकर नोंदविल्या गेल्या असत्या, एवढेच म्हणता येईल.

दरम्यान सैनिकांच्या आईवडिलांनी आणि पत्नींनी खासगी दुकानांतून जॅकेट व प्लेट्स विकत घेऊन टपालाने इराकला पाठविण्यास सुरुवात केली होती. एका संचास दीड हजार डॉलरच्या आसपास खर्च येई. शिपायाच्या पगारात ही रक्कम लहान नव्हती. कनेक्टिकटचे डेमोक्रॅट ख्रिस्तोफर डॉड यांनी ऑक्टोबर २००३ मध्येच सुरक्षा साधनांसाठी ३२ कोटी २० लाख डॉलर पुनर्बांधणीच्या रकमेतून वळविण्याची दुरुस्ती मांडली होती. ती ४९ विरुद्ध ३७ मतांनी पटलावर ठेवण्यात आली. सैनिकांच्या संरक्षणसाधनांचा थेट उल्लेख असलेली ही दुरुस्ती होती. खरे तर आरोपच करावयाचा तर या नोंदीवरून करता आला असता. तिच्यात पुतळ्यांवर गोळ्या झाडण्याइतका मजकूर होता. तरी ती केरी व ॲलन यांच्या प्रकरणांइतकी कधीच गाजली नाही.

डॉड यांनी पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला. सैनिकांनी वा त्यांच्या कुटुंबीयांनी पदरमोड करून घेतलेल्या संरक्षक साधनांचा खर्च प्रतिवस्तू ११०० डॉलरच्या मर्यादेत सरकारने परत करावा, अशी ही दुरुस्ती होती. अशाने व्यवस्थापनास न पेलणारा पायंडा पडेल, असे म्हणत संरक्षण खात्याने तिला विरोध केला. १४ जून २००४ रोजी सिनेटने ती ९१ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारली. २८ ऑक्टोबर २००४ रोजी तिचा कायदा झाला. नियम चार महिन्यांत तयार करावयाचे होते. संरक्षण खात्याने ते प्रसिद्ध केले ऑक्टोबर २००५ मध्ये, आणि तेही डॉड यांनी पुन्हा कायदा करण्याची भाषा केल्यानंतर.